फिल्टरवरची सही

वाल्मीक आबांना आपल्या हाताचा गर्व होता, आणि गर्व करावा असाच तो हात होता. धुळ्याला एसटीच्या कार्यशाळेत चौतीस वर्षं इंजिन फिटर. नुसता आवाज ऐकून कुठल्या सिलिंडरला काय होतंय ते सांगायचे, आणि वर 'चुकलो तर मिशी उतरवतो' असंही म्हणायचे. मिशी निवृत्तीपर्यंत जागेवर राहिली, यावरून काय ते समजा.

त्यांचे उस्ताद होते जीवराम मिस्तरी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक शिस्त लावली. इंजिनाचं ऑइल बदललं, नवा फिल्टर बसवला, की फिल्टरच्या डब्यावर पांढऱ्या रंगानं तारीख घालायची, किलोमीटर घालायचे आणि खाली आपल्या नावाचं पहिलं अक्षर. "उद्या बिघडलं तर कोणाचा कान धरायचा ते कळायला पाहिजे," जीवराम मिस्तरी म्हणायचे. ही शिस्त आबांनी नोकरीत पाळली, आणि सोनगीरला घरी येऊन बसल्यावर स्वतःच्या गाडीवरही पाळली. घरात एकच गाडी, तिला हात लावणारा एकच माणूस, तरी दर वेळी ब्रश घेऊन बसायचे. 'वा' काढताना त्यांची जीभ ओठाबाहेर यायची. त्यांची बायको द्रौपदाबाई ओट्यावरून म्हणायची, "आते मना भाकरवर बी सही करी टाका."

ती द्रौपदाबाई गेल्या फेब्रुवारीत गेली.

झालं असं. सकाळी नऊच्या सुमाराला तिच्या छातीत दुखायला लागलं. आबा पहाटेच्याच बसनं साक्रीला एका जुन्या सोबत्याकडे लग्नाला गेलेले. मुलगा प्रशील जळगावला पाइपच्या कारखान्यात असतो, तो नेमका आदल्या संध्याकाळी घरी आला होता. त्यानं आईला गाडीत बसवलं आणि धुळ्याचा रस्ता धरला. वीस किलोमीटरचा तर मामला. देवभाने फाट्याजवळ समोर ऑइलचा लाल दिवा लागला. नगावच्या अलीकडे इंजिन खडखडलं आणि जाम झालं. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. हायवेवर हात करकरून एक पिकअप थांबेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर. डॉक्टर लोक बोलून जातात हो, ऐकणाऱ्याला ते जन्मभर पुरतं.

आबा पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी मुलाला विचारलं, "दिवा लागला नव्हता?"

"लागला होता."

"पाहिला नाहीस?"

"पाहिला होता," प्रशील म्हणाला.

आबांच्या डोक्यात तिडीक गेली ती तिथं. कारण आदल्या संध्याकाळीच त्यांनी स्वतःच्या हातानं ऑइल बदललेलं. नवं कोरं ऑइल, नवा फिल्टर. अशी गाडी या पठ्ठ्यानं एका सकाळीत मारली! कुठं तरी दगडावर तेलाचा खालचा चेंबर आपटला असणार, तेल गळलं असणार, आणि दिवा बघूनही साहेब दामटत राहिले असणार. आबांनी मनात खटला चालवला आणि निकालही देऊन टाकला.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदन होतं. अंगणात पांढऱ्या चादरी, द्रौपदाबाईचा फोटो, मेणबत्त्या, आणि पंचक्रोशीतली शंभर-सव्वाशे माणसं. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. चार जण चार शब्द बोलले, मग आबांना उभं केलं. म्हाताऱ्याला बोलवणार नाही असंच सगळे धरून चाललेले. आबा बोलले. मुलाकडे बोट केलं आणि भरल्या अंगणात म्हणाले, "लाल दिवा देखीसन बी यानी गाडी पयाडी. यानामुये गई यानी माय."

दिवा पाहूनही पोरानं गाडी पळवली, त्याच्यामुळं त्याची आई गेली, असं बाप म्हणाला. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. प्रशील खाली मान घालून बसला होता, तसाच बसून राहिला. लोकांनी ओळखलं, पोराला आपली चूक कळलीय. दुसऱ्या दिवशी तो जळगावला गेला, तो परत सोनगीरच्या उंबऱ्यावर आला नाही.

पुढचे दहा महिने आबांनी कसे काढले हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. उठायचे, चहा करायचे, प्यायचे. दुपारी भाकरी आणि जे असेल ते. एकदा भाजीत दोनदा मीठ पडलं, तेही खाल्लं. खाऊन झाल्यावर खूप तहान लागली, तेव्हा कळलं. तांबटांच्या आळीतून हातोड्यांचे आवाज यायचे, ते ऐकत ओट्यावर बसायचे. रडले एकदाही नाहीत. लोक म्हणायचे, आबा खंबीर आहेत. खंबीर कसले डोंबलाचे! आत काही हालतच नव्हतं. बायकोचा फोटो पुसताना आपण एखादी बरणी पुसतोय असं त्यांना वाटायचं, आणि तसं वाटतं याचंही काही वाटायचं नाही.

गाडी ओढून आणलेली अंगणाच्या कडेला कडुलिंबाखाली उभी होती, ताडपत्रीखाली. तिच्याकडे ते बघत नसत.

डिसेंबरात मुलगी प्रज्ञा आली. ती अमळनेरला शाळेत शिकवते. घर झाडलं, डबे घासले, आणि संध्याकाळी बापासमोर येऊन बसली.

"आबा, फेब्रुवारीत मायला वर्ष होतंय. दादा म्हणतो, मी जळगावलाच करीन काय करायचं ते. सोनगीरला येणार नाही."

"नको येऊ दे."

"असं काय करता? पोटचा एक मुलगा तुम्हाला."

आबा म्हणाले, "एक माणूस मारला त्यानं."

प्रज्ञा उठून उभी राहिली. ती मायवर गेलेली. ऐकून घेणाऱ्यातली नाही. "तुम्ही होतात का गाडीत? नव्हतात ना? मग कशावरून म्हणता? आणि ती गाडी तरी भंगारात द्या एकदाची. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर कशाला ते?"

"भंगारात नाही द्यायची," आबा म्हणाले. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा चढला. "कशावरून म्हणता म्हणालीस ना? इंजिन खोलतो. बेअरिंग खोटं बोलत नाही. गाडी किती किलोमीटर सुकी पळवली ते मी तुला सांगतो, आणि मग पुढं बोल त्याच्याशी. पुरावा हातात घेऊन बोल."

प्रज्ञानं कपाळावर हात मारून घेतला. पण बाप कशाला का होईना उठतोय, हे पाहून भाकरी टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी आबांनी ताडपत्री काढली. कडुलिंबाच्या जाड फांदीला वजन उचलायचा चेन ब्लॉक टांगला, तारा-पाइप सोडवले, आणि दोन दिवसांत इंजिन वर उचलून लाकडी घोडीवर ठेवलं. हात सगळं आठवून करत होते. डोकं लागत नव्हतं. तेच बरं होतं.

आधी उलटं करून खालचा चेंबर काढला. आत तेल नव्हतं, तळाशी काळा चिखल आणि त्यात चमकणारी चांदीसारखी भुकटी. आबांनी चेंबरवर बाहेरून हात फिरवला. दगडाचा मार कुठं नाही. पोचा नाही, ओरखडा नाही. हे जरा खटकलं. त्यांनी तिकडं कानाडोळा केला आणि बेअरिंगला हात घातला.

बेअरिंग म्हणजे दोन अर्ध्या कपच्या. त्यांच्यात आणि क्रँकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यात, तेलाचा केसाएवढा थर असतो, त्यावर सगळं इंजिन फिरतं. तो गेला की लोखंड लोखंडाला खातं. इथं खाल्लंच होतं. दोन कपच्यांचं तांबं उघडं पडलेलं, तिसरी जागेवरच फिरून पापडासारखी पातळ झालेली, आणि तिथं क्रँक तापून निळा पडलेला. चारही पिस्टनांना ओरखडे. आबांनी कपच्या ओळीनं गोणपाटावर मांडल्या आणि बराच वेळ बघत बसले. हे दोन मिनिटांचं काम नव्हतं. सहा-सात किलोमीटर. देवभाने फाटा ते नगाव, बरोब्बर तेवढंच.

म्हणजे तेच खरं होतं. पोरानं दिवा पाहिला आणि सहा-सात किलोमीटर गाडी तशीच रेटली. पुरावा समोर मांडलेला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, निदान राग तरी यायला हवा होता. काहीच आलं नाही. आबांनी हात पुसले आणि दुपारची भाकरी खाल्ली.

दुपारनंतर बाकीचं इंजिन मोकळं करायला घेतलं. फिल्टर होता मागच्या बाजूला, गाडीत असताना न दिसणाऱ्या ठिकाणी. आबांनी पट्टा घातला, फिल्टर सोडवला आणि सवयीनं सही बघायला उजेडात धरला.

सही नव्हती.

त्यांनी फिल्टर फिरवला. चष्मा कपाळावरून खाली ओढला. तारीख नाही, किलोमीटर नाहीत, 'वा' नाही. कोरा डबा. आबांनी तो करवतीनं कापला. आतला कागद पांढराशुभ्र, कोरडा. नुसतं एक मिनिट इंजिन चाललं असतं तरी तो कागद तेलानं भिजला असता. या फिल्टरमधून तेलाचा एक थेंब गेलेला नव्हता.

म्हणजे इंजिन मेल्यावर कोणी तरी हा लावला होता. मेलेल्या इंजिनाला नवा फिल्टर? असा उद्योग कोण करतं? आणि मग आबांचा फिल्टर गेला कुठं?

गाडीच्या पुढच्या खणात एक कार्ड सापडलं. दीपक मोटर गॅरेज, नगावच्या अलीकडे. गाडी तिथूनच ओढून आणलेली. खोललेलं इंजिन परत न जोडता ठेवणं आबांच्या हाताला माहीत नव्हतं, तेव्हा क्रँक घासायला धुळ्याला न्यायचाच होता. आबांनी तो गोणपाटात गुंडाळला, पिशवीत कापलेला फिल्टर टाकला आणि सकाळच्या बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "आबा, पोत्यात काय शे? बकरं ते नही ना?" आबांनी तिकिटाचे पैसे पुढं केले.

दीपक चाळिशीतला, बोलका गडी. आबा उन्हातून आलेले पाहून त्यानं स्टूल दिलं, पाणी दिलं. आबांनी सांगितलं, "मी मिस्तरी. एक गाडी खोललीय. पांढरी. फेब्रुवारीत तुमच्याकडून ओढून नेली होती." यात खोटं काही नव्हतं. त्यांनी पिशवीतून कापलेला फिल्टर काढला. "हा कोणी लावला?"

"मीच लावला," दीपक म्हणाला. "ती गाडी कशी विसरीन आबा? त्या पोराची माय गेली बिचाऱ्याची. तिसऱ्या दिवशी, मायचं सगळं आटोपून, गाडी बघायला आला. तोवर मी खालून पाहून ठेवलं होतं. थांबा, तुम्ही लाइनीतले, तुम्हाला मजा दाखवतो."

तो आत गेला आणि फळीवरून एक फिल्टर घेऊन आला. तेलानं काळा झालेला. त्यावर पांढऱ्या रंगात तारीख, किलोमीटर, आणि खाली 'वा'.

"हे बघा," दीपकनं फिल्टर उलटा केला. "जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली होती, आणि लेकाच्यानं ती न काढता तिच्यावरच नवा आवळला. दोन रिंगा, एकावर एक! घरासमोर चालू करून बघितलं तर काही कळत नाही. हायवेला लागलं, प्रेशर चढलं, की रिंग सटकते आणि सगळं तेल रस्त्यावर. अहो, नुसतं बोट फिरवून पाहिलं असतं तरी हाताला लागलं असतं. आणि वर शहाण्यानं सही केलीय! मी गिऱ्हाइकांना दाखवतो. म्हणतो, ऑइल कोणाकडेही बदलू नका, असले सही करणारे बसलेत."

आबांनी फिल्टर हातात घेतला. दोन रिंगा. वरची अर्धी बाहेर आलेली, चिरलेली. नखानं उचलली, तर सहज निघाली.

"पोरगा काय म्हणाला?"

"काही नाही. त्या टायरवर बसला हे हातात घेऊन. तासभर बसला असेल. मी म्हटलं, भाऊ, ज्यानं हे केलं त्याला जाऊन विचार, सोडू नको. दिवा दिसल्यावर का नाही थांबला असंही विचारलं मी. तर म्हणाला, थांबलो असतो तर गाडी वाचली असती, मायला न्यायचं होतं. मग म्हणाला, नवा फिल्टर लावा आणि हा फेकून द्या. मी म्हटलं, मेलेल्या इंजिनाला कशाला? तर म्हणे, लावा. आणि कोणाला सांगू नका. मुद्दाम सांगितलं त्यानं, कोणी म्हातारा मिस्तरी विचारत आला तर त्याला तर अजिबात..."

दीपक बोलता बोलता थांबला. त्यानं आबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि मग त्या पांढऱ्या अक्षराकडे.

"आबा," तो हळू आवाजात म्हणाला, "चहा सांगतो."

"नको. हा नेऊ का?"

"न्या. न्या की."

तिसऱ्या दिवशी. आबा रस्त्याच्या कडेला क्रँक मांडीवर घेऊन बसची वाट बघत होते, आणि तेवढंच मनात येत होतं. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं. सातव्या दिवशी मी बोललो. मधले चार दिवस तो माझ्या समोर जेवला, माझ्यासाठी पाणी तापवलं, आणि सातव्या दिवशी शंभर माणसांपुढं मान खाली घालून बसला.

आणि मग आदली संध्याकाळ आठवली. आठवली म्हणजे काय, ती कुठं गेलीच नव्हती. आबांनी तिच्याकडे पाठ केली होती. उजेड कमी झालेला. ते गाडीखाली पडलेले, चष्मा घरात. वर्षभर डाव्या डोळ्यापुढं धुकं होतं, ते कोणाला सांगितलेलं नाही. प्रशील जळगावहून येऊन बॅग न ठेवताच गाडीशी वाकला होता. "आबा, टॉर्च धरू का? बोट फिरवून बघू का एकदा?" आणि आबा म्हणाले होते, "सरक तिकडं. चौतीस वर्षं काय गोवऱ्या थापल्या मी?" मग बाहेर येऊन ब्रश घेतला, आणि सही मात्र चष्मा मागवून, मन लावून केली.

आपला तो हात आणि दुसऱ्याचा तो निष्काळजीपणा! वाल्मीक आबा, शाबास.

एवढं समजल्यावर माणूस कोसळतो म्हणतात. आबा कोसळले नाहीत. बस आली, चढले, धुळ्यात क्रँक घासायला टाकला, नव्या कपच्यांचा साइज लिहून दिला, येताना स्वतःसाठी पाव किलो शेव घेतली. रात्री ती शेव ताटात तशीच राहिली. रडू येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. आलं नाही. तेव्हा मात्र ते घाबरले. आपण बायकोला मारलं आणि आपल्याला काहीच होत नाही, या एका गोष्टीची त्यांना भीती वाटली.

जानेवारीभर ते इंजिन जोडत होते. क्रँक घासून आला, सिलिंडरचे बोअर घासून झाले, नवे पिस्टन, नवा ऑइल पंप. प्रत्येक बोल्ट तेलात बुडवून बसवला. आता प्रत्येक जागी डोळ्यांवर भरवसा न ठेवता बोट फिरवत होते. एकच काम त्यांनी मुद्दाम बाकी ठेवलं. मग एका दुपारी जळगावला फोन लावला. स्वतःहून, वर्षात पहिल्यांदा.

"मी बोलतोय. इंजिन जोडलं."

पलीकडून प्रशील म्हणाला, "तुम्ही खोललं?"

"खोललं. एक काम बाकी आहे. ते मला होत नाही. मायच्या दिवशी ये."

"कोणतं काम?"

"ये," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

प्रशील आला. कार्यक्रम सुरू झाल्यावर आला आणि मागच्या रांगेत, चपलांपाशी बसला. माणसं तीच, चादरी त्याच, फोटो तोच. वंदना झाली. बौद्धाचार्यांनी विचारलं, कोणाला दोन शब्द बोलायचेत का. आबा उठले. प्रज्ञानं त्यांचा सदरा ओढला. आबांनी तिचा हात बाजूला केला आणि पिशवीतून तो काळा फिल्टर काढून सगळ्यांना दिसेल असा धरला.

"मागच्या टायमाला मी इथं एक बोललो होतो. ते खोटं. ऑइल मी बदललं होतं. जुनी रिंग मी ठेवली. तेल माझ्या हातानं गेलं. ही सही मनी शे." त्यांचा आवाज सपाट होता, हजेरी घेतल्यासारखा. "प्रशीलले तिसऱ्याच दिवशी मालूम पडलं होतं. त्यानं सांगितलं नाही. तुम्ही बठ्ठा जणांनी वर्षभर त्याला नावं ठेवली, माझ्या सांगण्यावरून. कान धरायचा तर मना धरा."

कोणी तरी खोकलं. आबा खाली बसायचं विसरून उभेच राहिले. मागच्या रांगेतून प्रशील उठला आणि सरळ कडुलिंबाकडे निघून गेला.

आबा त्याच्या मागं गेले. तो बॉनेटला टेकून उभा होता.

"कशाला सांगितलं?" तो म्हणाला. "मला सवय झाली होती, आबा."

आबांनी खिशातून टॉर्च काढला. ओट्याच्या पायरीवर ठेवलेला नवा फिल्टर त्याच्या हातात दिला. "हा बाकी आहे. मले दिसत नही, भाऊ. तू बसव. टॉर्च मी धरतो."

'मले दिसत नही' हे शब्द वाल्मीक आबांच्या तोंडून सोनगीरमध्ये कोणी ऐकले नव्हते. प्रशीलनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पांढऱ्या कपड्यांनिशी गाडीखाली सरकला. आबा गुडघ्यावर बसले. टॉर्चचा उजेड त्यांनी आत धरला. प्रशीलनं फिल्टरची जागा फडक्यानं पुसली, बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. मग आबांचा हात धरून आत ओढला आणि त्यांचं बोट त्या जागेवरून गोल फिरवलं. गार, गुळगुळीत लोखंड. कुठं अडलं नाही.

त्यानं रिंगेला तेल लावलं, फिल्टर हातानं आवळला, बाहेर आला. आबांनी ब्रश पुढं केला. प्रशीलनं पुन्हा आत जाऊन तारीख घातली, किलोमीटर घातले, आणि अक्षराच्या जागी थांबला. मग 'प्र' काढलं. काढताना त्याची जीभ ओठाबाहेर आली होती.

ऑइल भरलं. किल्ली फिरवली तेव्हा समोर लाल दिवा लागला, इंजिन सुरू झालं, आणि दोन सेकंदांनी दिवा विझला. आवाज साफ होता. अंगणातली माणसं लांबून बघत होती.

"एक चक्कर मारावी लागेल," प्रशील म्हणाला. आबा पलीकडच्या सीटवर बसले. त्या सीटवर द्रौपदाबाईनंतर कोणी बसलं नव्हतं.

गाडी हायवेला लागली, धुळ्याच्या बाजूनं. प्रशील हळू चालवत होता. नवं इंजिन, पळवायचं नसतं. दोघांचेही डोळे रस्त्यावर कमी आणि त्या विझलेल्या दिव्याच्या जागेवर जास्त होते. देवभाने फाटा आला.

"इथं लागला होता," प्रशील म्हणाला.

आबांनी मान हलवली.

"मायनी देखा तो. माझ्याआधी तिनं पाहिला." त्यानं गियर बदलला. "तिला बोलवत नव्हतं. तरी म्हणाली, दिवा लागना रे, थांब. तुना आबा वरडतीन."

आबांनी खिडकीची काच खाली केली. वारा तोंडावर आला. मग ते रडायला लागले, मोठ्यानं, लहान पोरासारखे, दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवून. प्रशीलनं गाडी थांबवली नाही. नगाव आलं आणि मागं गेलं. धुळं सात किलोमीटर राहिलं होतं.